पर्सची हौस आणि कार्डाचं बिल

“पगार चांगला आहे, पण ब्रँडेड पर्स दिसली की हात आवरत नाही. बिल घरी लपवावं लागतं. हा आजार आहे का? पर्स घेणं कायमचं सोडायचं का?” स्वतः कमावणाऱ्या, तिशी-चाळिशीतल्या बायका हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन येतात. पुरुषही येतात, त्यांच्या बाबतीत पर्सच्या जागी घड्याळ, बूट किंवा मोबाइल असतो. त्यातली एक केस इथे सविस्तर मांडते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

या बाई ३४ वर्षांच्या. शिक्षण सांगलीत मराठी माध्यमातून, नोकरी पुण्यात खराडीच्या एका आयटी कंपनीत, नुकत्याच मॅनेजर झालेल्या. हातात येणारा पगार १,१५,००० रुपये. सव्वादोन वर्षांत ११ पर्स घेतल्या. सगळ्यात स्वस्त १४,००० ची, सगळ्यात महाग ६८,००० ची. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १,८६,००० बाकी होते. मधल्या काळात नवऱ्याने रागाने दोन्ही कार्डं काढून घेतली होती. दोन महिने शांततेत गेले आणि मग त्यांनी ‘पे लेटर’चं, म्हणजे वस्तू आत्ता घेऊन पैसे नंतर भरायचं, खातं उघडलं, ते त्याला ठाऊकच नव्हतं. बंदी घातली की खर्च बहुतेक वेळा असाच आडवाटेने जातो आणि वर लपवाछपवी वाढते. म्हणून “आजपासून एकही पर्स नाही” असं मी कुणालाच सांगत नाही.

आधी आजाराचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात सक्तीच्या खरेदीचा उल्लेख आवेगावर ताबा न राहण्याच्या इतर विकारांमध्ये येतो. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या डीएसएम-५ या पुस्तिकेत मात्र त्याचं स्वतंत्र निदान नाही. नावापेक्षा काही प्रश्न जास्त कामाचे असतात आणि ते मी पहिल्याच भेटीत विचारते. खरेदीच्या दिवसांत झोप अगदी कमी होऊनही अंगात भरपूर उत्साह, भराभर बोलणं, एकदम मोठमोठे बेत असं काही असतं का? असेल तर हा मनोवस्थेचा आजार असू शकतो, तिथे बजेटची वही पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञच लागतो. पार्किन्सनसाठी दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं चालू आहेत का? या गोळ्यांनी काही जणांत खरेदीची किंवा जुगाराची अनावर ओढ निर्माण होते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता लगेच डॉक्टरांना सांगायचं असतं. आणि जगणंच नकोसं झालंय का? यातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल आणि जवळ कुणी नसेल, तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कुठूनही लागतो. या बाईंच्या बाबतीत तिन्ही उत्तरं ‘नाही’ आली.

मग वही. त्यांनी कार्डांची जुनी स्टेटमेंट्स छापून आणली. आम्ही एका आडव्या वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, वस्तू, रक्कम, त्या दिवशी आधी काय घडलं, आणि पर्स पहिल्यांदा कधी वापरली. वेळ बँकेच्या एसएमएसमध्ये सापडते. ११ पैकी ८ खरेद्या रात्री साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यानच्या निघाल्या. त्यातल्या बहुतेक क्लायंटच्या मीटिंगच्या आदल्या रात्री, किंवा मीटिंगमध्ये कुणी बोलणं मध्येच तोडलं त्या रात्री. ‘पहिल्यांदा कधी वापरली’ या रकान्यात चार ठिकाणी रेघ होती. त्यांनी मोबाइलवर कपाटाचा फोटो दाखवला. चारही पर्स वरच्या फळीवर, साखळीला गुंडाळलेला पातळ कागदसुद्धा अजून तसाच होता.

खरा मुद्दा इथे उघडला. त्या म्हणाल्या, “मॅडम, मीटिंगमध्ये चांगली पर्स टेबलावर ठेवली की मला वाटतं, मी इथलीच आहे.” सगळ्यांसमोर इंग्रजीत बोलताना अडखळू ही धास्ती शाळेपासूनची, आणि मॅनेजर झाल्यापासून ती रोजची झाली होती. हा आधार हिसकावून घेण्यात मला शहाणपण वाटत नाही. तो नवी खरेदी न करता मिळतो का, एवढं पाहायचं. म्हणून दोन गोष्टी ठरल्या. मोठ्या मीटिंगसाठी घरातली एक पर्स नेमून ठेवायची, ती फक्त त्याच दिवशी बाहेर काढायची. आणि एका मीटिंगला मुद्दाम जुनी काळी ऑफिस बॅग घेऊन जायचं. जाण्याआधी लिहायचं, ‘कोण काय म्हणेल’. आल्यावर लिहायचं, ‘कोण काय म्हणालं’. पहिल्या रकान्यात पाच ओळी झाल्या. दुसऱ्यात एकच: साहेबांनी सातव्या स्लाइडमधला आकडा विचारला. पर्सकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं.

आता पैसे. बहुतेकांना ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरली की आपण नियमित आहोत असं वाटतं. त्यांच्या कार्डांवर व्याज महिन्याला ३.५ टक्के होतं. १,८६,००० वर ते ६,५१० रुपये होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१७२. म्हणजे एका महिन्याचे ७,६८२ नुसते व्याज-करात गेले. मिनिमम ड्यू ५ टक्के धरला तर ९,३००. एवढे भरून मुद्दल कमी झालं १,६१८ रुपयांनी. शिवाय मागची बाकी असली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्याच कार्डावर घेतलेल्या किराण्यालाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. हा हिशेब मी त्यांनाच कागदावर करायला लावला. ऐकलेला आकडा विसरतो, स्वतःच्या हाताने लिहिलेला लक्षात राहतो.

त्यामुळे पर्सच्या बजेटआधी कार्डाची बाकी हलवायची. ज्या बँकेत पगार जमा होतो तिथे त्यांनी वैयक्तिक कर्ज मागितलं. वर्षाला १६ टक्के दराने १२ महिन्यांसाठी हप्ता साधारण १६,९०० बसला. वर्षभराचं एकूण व्याज सुमारे १६,५००, म्हणजे कार्डाच्या सव्वादोन महिन्यांइतकंच. थकबाकीचं कार्डावरच ईएमआयमध्ये (मासिक हप्त्यांत) रूपांतर हा दुसरा मार्ग असतो, पण कार्डाच्या व्याजावर जीएसटी लागतो आणि साध्या कर्जाच्या व्याजावर लागत नाही. दोन्हीकडचं प्रक्रिया शुल्क विचारून मगच ठरवावं.

घसरगुंडी नेमकी यानंतर सुरू होते. कर्ज घेऊन कार्ड शून्यावर आलं की लिमिट पुन्हा पूर्ण मोकळं होतं, आणि वर्षभरात कर्जही उरतं, कार्डही भरलेलं असतं. म्हणून कर्जाचे पैसे कार्डात भरले त्याच दिवशी त्यांनी एक कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बाकी नसेल तर बँकेने असा अर्ज ७ कामकाजाच्या दिवसांत मार्गी लावायचा असतो. दुसऱ्या कार्डाचं लिमिट ४०,००० वर आणलं आणि बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ऑनलाइन व्यवहार बंद केले. ही चालू-बंद करायची सोय प्रत्येक बँकेला द्यावी लागते. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेली कार्डं काढली, ‘पे लेटर’ची बाकी फेडून खातं बंद केलं, सेलच्या सूचना आणि व्हॉट्सॲपवरचे पर्सचे दोन ग्रुप सोडले. रात्री दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. गजरासाठी साधं घड्याळ आणलं. ओढ उठते तेव्हा ती कधी संपणारच नाही असं वाटतं. प्रत्यक्षात तिला वाट मोकळी मिळाली नाही की अर्ध्या तासात ती बहुधा ओसरते. मधल्या या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच.

आवडलेली पर्स वहीत लिहून ठेवायची मुभा होती: मॉडेल, किंमत, तारीख, कुठे-कुठे वापरणार, आणि घरातली कुठली पर्स तिच्या बदल्यात जाणार. तीस दिवसांनी पुन्हा वाचायचं. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक नोंदी तिथेच अडतात.

मग महिन्याची वाटणी केली. घराच्या कर्जातला त्यांचा वाटा ३२,०००, आई-वडिलांना १५,०००, किराणा आणि घरखर्च २४,०००, प्रवास-फोन-विमा ११,०००, नवा हप्ता १६,९००, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) ५,०००, अडीअडचणीसाठी ४,०००, हातखर्च ४,०००. उरलेल्यातले ३,००० पर्ससाठी. कर्ज चालू असताना पर्सला पैसे कशाला, असं आर्थिक सल्लागार विचारतील आणि त्यांचं गणित बरोबरच आहे. तरी मी ही रक्कम ठेवायला लावते. हौसेला शून्य दिलेलं बजेट दोन-तीन महिन्यांत मोडतं आणि मोडलं की ३,००० वर थांबत नाही. पण ही रक्कम हाताशी ठेवायची नाही. त्यांनी पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापली जाईल अशी १२ महिन्यांची आरडी, म्हणजे बँकेतली आवर्ती ठेव, काढली. आरडी मोडता येते, पण मोडताना एक पायरी चढावी लागते आणि थोडं व्याज जातं. एवढा अडसर पुरतो. मर्यादा म्हणून एक नियम ठरला: हौसेवर महिन्याला पगाराच्या ५ टक्क्यांच्या वर नाही, आणि पर्स आरडीत जमलेल्या पैशांतच बसली पाहिजे. वरचे चार-पाच हजार “कार्डावर घेऊ” म्हटलं की सगळी मांडणी कोसळते.

दोन समजुतींवर बराच वेळ गेला. ‘नो कॉस्ट ईएमआय’ फुकट असतो ही पहिली. व्याजाइतकी सूट किमतीत दाखवली जाते, बँक मात्र व्याज घेतेच. त्यावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्या खिशातून जातं, आणि रोख घेणाऱ्याला मिळाली असती ती सूट अनेकदा मिळत नाही. दुसरी समजूत अशी, की पर्स ही गुंतवणूक आहे. हर्मेस या महागड्या फ्रेंच ब्रँडच्या बर्किनसारख्या मोजक्या पर्सचे भाव टिकतात म्हणून मॉलमधल्या प्रत्येक पर्सचे टिकतील, असं होत नाही. न वापरलेल्या त्या चारपैकी दोन पर्स त्यांनी विकल्या. बिल, डबा आणि कापडी पिशवी जपून ठेवली होती, तरी निम्म्याच्या आसपासच किंमत आली. ते पैसे अडीअडचणीच्या खात्यात गेले.

आपल्याकडचा पावसाळा हाही एक खर्च आहे आणि तो कुणी धरत नाही. जून ते सप्टेंबर बंद कपाटात चामड्याला बुरशी येते, नकली चामड्याचे पापुद्रे निघतात, काही पर्सचं अस्तर आतून चिकट होतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं की ओल आत कोंडते. सुती पिशवी, आत कोऱ्या कागदाचे बोळे, सिलिका जेलच्या पुड्या आणि आठ-पंधरा दिवसांनी मोकळी हवा, एवढं करावंच लागतं. त्यांनी हे नऊ पर्ससाठी केलं तेव्हा एक सकाळ गेली, आणि वहीतल्या दोन नोंदी त्यांनी स्वतःच खोडल्या.

नवऱ्यासोबत एक भेट झाली. त्याचं म्हणणं, पाचशेची काय आणि पन्नास हजारांची काय, पर्स ती पर्सच. त्याला पर्सचं महत्त्व पटवायचा प्रयत्न मी केला नाही. ठरलं एवढंच, की महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांनी वीस मिनिटं हिशेब पाहायचा, त्यात त्याचेही खर्च येणार आणि जुन्या पर्सचा विषय कुणी काढणार नाही. दुसऱ्या महिन्यात तो विषय निघालाच आणि भांडण झालं. मग वीस मिनिटांची पंधरा केली आणि फक्त पुढच्या महिन्याचं बोलायचं ठरवलं. तेव्हापासून ते चाललं.

दिवाळीत ८०,००० बोनस आला आणि त्याच रात्री डेबिट कार्डाने २९,००० ची पर्स मागवली गेली. पण या वेळी त्यांनी दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं आणि परतीची मुदत संपायच्या आत पर्स परत पाठवली. चूक आमच्या आराखड्यात होती: महिन्याच्या पगाराची वाटणी ठरली होती, बोनसची नव्हती. बोनस, इन्सेंटिव्ह, प्राप्तिकराचा परतावा, माहेरून आलेली रक्कम, यांची वाटणी पैसे येण्याआधी लिहून ठेवावी लागते. त्यांनी निम्मी रक्कम कर्जासाठी, ३० टक्के अडीअडचणीसाठी, १० टक्के घरच्या दिवाळीला आणि १० टक्के हौसेला असं लिहिलं. कर्जात मध्येच मोठी रक्कम भरायची तर बँकेला आधी विचारावं. काही बँका शुल्क लावतात, काही सुरुवातीचे हप्ते होईपर्यंत परवानगीच देत नाहीत. त्यांच्या बँकेने नाही म्हटलं, म्हणून ती रक्कम मुदत ठेवीत टाकली आणि शेवटचे हप्ते त्यातून गेले.

आरडी पूर्ण झाल्यावर त्यांनी दुकानात जाऊन, मापाने बघून ३२,००० ची एक पर्स घेतली. लॅपटॉप मावेल अशी, रोज वापरायची. कर्जाच्या हप्त्यातून मोकळ्या झालेल्या १६,९०० पैकी ४,००० महिन्याला एसआयपीत वाढवले आहेत आणि बाकीचे अडीअडचणीच्या खात्यात जातात, सहा महिन्यांचा घरखर्च जमेपर्यंत. पर्सची आरडी ३,००० चीच ठेवली आहे. ती वाढवायची का, हे त्या खात्याचं उद्दिष्ट पूर्ण झाल्यावर दोघं मिळून ठरवणार आहेत.