किलिमांजारोचा एक दिवसाचा ट्रेक: मंडाराला जा, शिरा पठार नको

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साठी ओलांडलेले आईबाबा गुहागरहून तुमच्यासोबत टांझानियाला येतायत, जानेवारीत सफारीआधी किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशी शहरात एक दिवस मोकळा आहे आणि एजंटने दोन पर्याय दिलेत. एक म्हणजे किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाच्या मारंगू गेटवरून मंडारा हट या मुक्कामाच्या जागेपर्यंत चालत जाऊन परत. दुसरा शिरा पठार, 'गाडी बरीच वर जाते, चालणं कमी'. आईच्या गुडघ्यांमुळे तुमचा कल शिराकडे दिसतोय.

माझं सरळ मत: शिरा नको. ते पठार साधारण 3500 मीटरच्या आसपास आणि त्याहूनही वर आहे. जन्मभर समुद्राकाठी राहिलेली माणसं आदल्या रात्री मोशीत, म्हणजे जेमतेम 900 मीटरवर झोपणार आणि दुपारच्या आत तिथे पोचणार. विरळ हवेचा त्रास साधारण 2500 मीटरच्या वर सुरू होऊ शकतो आणि तुम्ही किती चाललात यापेक्षा किती भरभर वर गेलात यावर तो जास्त अवलंबून असतो. गाडीत बसून गेलं की तो टळतो, हा समज एजंटच्या सोयीचा आहे. डोकं ठणकतंय, मळमळतंय आणि समोर पठार सुंदर दिसतंय, असा दिवस आईबाबांना कशाला दाखवायचा?

मंडाराचं गणित वेगळं. गेट सुमारे 1870 मीटरवर, हट 2720 मीटरवर. चढ साधारण 850 मीटरचा, पण तो आठेक किलोमीटरमध्ये पसरलेला. महाशिवरात्रीला चोरवण्याहून नागेश्वर चढणाऱ्या माणसाला ही वाट अंगावर येणारी वाटणार नाही, लांब मात्र वाटेल. वर जायला तीन-चार तास, उतरायला दोन-अडीच. मोशीहून गेटपर्यंत गाडीचा तास-दीड तास धरा आणि सातच्या आत निघा. गाइड 'पोले पोले' म्हणजे हळूहळू म्हणत राहील. त्याचं ऐका. बाबा पुढे पळणाऱ्यांतले असतील तर त्यांना गाइडच्या मागे ठेवा.

आता अपेक्षांबद्दल. या वाटेवर बर्फ दिसेल असं आईला सांगून नेऊ नका. जवळजवळ सगळी वाट दाट जंगलातून जाते, शिखर झाडांआड. हटपासून अर्ध्या तासाच्या आत मौंडी नावाचं जुनं ज्वालामुखीचं विवर आहे. त्याच्या काठावरून हवा स्वच्छ असेल तर मावेन्झी या शिखराचे सुळके आणि किबो हे बर्फाचं मुख्य शिखर दिसतं, पण दिवस चढला की बहुतेक वेळा ढग येतात. शिखर पाहायचं तर पहाटे मोशीतल्या हॉटेलच्या गच्चीवर जा.

जंगल मात्र जीव लावून बघा. वाटेच्या कडेला ओलसर जागी बोटाच्या पेराएवढी लालपिवळी फुलं दिसतील, मागचा काटा हत्तीच्या सोंडेसारखा वळलेला. आपल्या सड्यावर पावसाळ्यात फुलतो त्या तेरड्याचीच ही जात, पण ती फक्त याच डोंगरावर सापडते. घाईत चालणारे निम्मे लोक ती तुडवून पुढे जातात. वर फांद्यांवरून करड्या-हिरव्या दाढ्या लोंबतात, ते दगडफुलाच्या नात्यातलं. काळ्या-पांढऱ्या झुलीचे कोलोबस दिसले तर थांबा. आपल्या वानरांचे हे भाऊबंद, पानं खाणारे, हाताला अंगठा जवळपास नसलेले. निळी माकडं जेवणाच्या जागी घुटमळतात, डबा उघडा टाकून फोटो काढायला जाऊ नका.

खरी परीक्षा उतारावर आहे. चढताना दम लागतो, बसलं की जातो. गुडघा बिनसला तर बसून भागत नाही आणि पावसाने भिजलेली तांबडी माती निसरडी असते. म्हणून दोघांना आत्तापासून पाखाडीवर चढ-उताराचा सराव द्या, उतारावर जास्त लक्ष. गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत, प्रत्येकी दोन काठ्या हव्यात. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एजंटला एक गोष्ट ठासून सांगा: सोबत दुसरा सहायक गाइड हवा. उद्यानात नोंदणीकृत गाइडशिवाय एका दिवसासाठीही जाता येत नाही, त्यामुळे एकच गाइड असेल तर आई थकली की सगळ्यांना परतावं लागतं. दोघे असले की आई अर्ध्या वाटेवरच्या बाकांपाशी जेवून सावकाश खाली येईल, बाबा हटपर्यंत जाऊन येतील. परदेशी प्रौढाला उद्यानाचं शुल्क दिवसाला 70 डॉलर आणि वर 18 टक्के कर, असा दर आहे. तो बदललाय का ते विचारा आणि सांगितलेल्या रकमेत तो धरलाय का हेही. फारच स्वस्त वाटलं तर बहुधा धरलेला नसतो.

जानेवारी चांगला, मोठा पाऊस मार्च ते मे असतो. तरी रेनकोट घ्याच. मोशीपेक्षा हटवर दहा-बारा अंश कमी असतात, घामेजलेल्या अंगाला ते झोंबतं, एक स्वेटर बॅगेत असू द्या. टांझानियात 2019पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा लाडू आणि फणसपोळी डब्यात भरा, पाणी स्टीलच्या बाटलीत. शाकाहारी जेवण आदल्या दिवशीच सांगा, नाहीतर डब्यात कोंबडीची तंगडी ठरलेली.

आणि सरावातच आईचे गुडघे कुरकुरले तर मंडाराचा हट्ट नको. मोशीजवळ मातेरुनी गावचा धबधबा आहे. तो उद्यानाबाहेर, त्यामुळे ते 70 डॉलर वाचतात. केळीच्या बागांतून चालायचं, इथल्या चागा जमातीच्या लोकांच्या घरी कॉफी भाजताना-कुटताना बघायची आणि दुपारी परत. बाबांना त्याच दिवशी वेगळ्या गाइडसोबत मारंगूला पाठवता येईल.