लाल दिसणारा 'आर'

प्रश्न : धड्यातला जावा कोड जसाच्या तसा उतरवला, तरी अँड्रॉइड स्टुडिओत 'आर' लाल दिसतो आणि 'कॅनॉट फाइंड सिम्बॉल' (हे नाव सापडत नाही) अशी चूक येते. काय चुकतंय?

उत्तर : 'आर' (ॲपमधली चित्रं, मजकूर, स्क्रीनची मांडणी कोडमधून वापरण्यासाठीची नावांची यादी) आपण लिहायचा नसतो; तो याच गोष्टींच्या रिसोर्स फाइलींवरून बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडचं ॲप बनताना, तयार होतो. म्हणून बोंब जावात असली तरी दोष बहुधा एक्सएमएलमध्ये, म्हणजे मांडणी-मजकूर लिहिलेल्या रिसोर्स फाइलींमध्ये, असतो. बिल्डच्या खिडकीतली सर्वांत वरची चूक आधी वाचा, खालच्या बऱ्याचशा तिचीच पिल्लं. बंद न केलेला टॅग, चित्राच्या फाइलनावात कॅपिटल अक्षर किंवा हायफन, एवढ्यानंही बिल्ड अडतो.

तिथं सगळं ठीक असेल, तर जावा फाइलीची पहिली ओळ पाहा. धड्यातलंच पॅकेजचं नाव राहिलंय? 'आर' तुमच्या बिल्ड फाइलीतल्या (ॲप कसं बनवायचं ते सांगणाऱ्या फाइलीतल्या) 'नेमस्पेस' या नावाखाली बनतो, तेच नाव त्या पहिल्या ओळीत हवं. 'इम्पोर्ट अँड्रॉइड डॉट आर' आपोआप घुसलं असेल तर उडवा. तो सिस्टिमचा 'आर', तुमचा नव्हे.