स्मार्ट टीव्ही असताना वेगळ्या स्ट्रीमिंग स्टिकची गरज संपेल का?

इतक्यात तरी नाही. (स्ट्रीमिंग स्टिक म्हणजे टीव्हीला जोडून नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप्स चालवणारं छोटं उपकरण.) पडद्याचं आयुष्य आणि आतल्या सॉफ्टवेअरचं आयुष्य यांचा मेळच बसत नाही, खरी मेख तिथे आहे. चांगला पॅनल, म्हणजे पडदा, ८-१० वर्षं सहज चालतो. पण आतला प्रोसेसर आणि मेमरी बहुधा बेताचीच असते आणि अपडेट त्याच्या कितीतरी आधी थांबतात. डिसेंबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या काही जुन्या टीव्हींवर नेटफ्लिक्स चालायचं बंद झालं. चित्र ठणठणीत, अ‍ॅप मात्र गेलं!

आमच्या टीव्हीवर मेनू उघडायला इतका वेळ लागायचा, की आई तेवढ्यात पुन्हा बटण दाबायची आणि भलतंच काहीतरी उघडायचं. एचडीएमआय पोर्टला (बाहेरची उपकरणं जोडायच्या खाचेला) स्टिक लावली आणि तोच टीव्ही नव्यासारखा पळू लागला.

नव्या टीव्हीला पहिली काही वर्षं वेगळं काही लागत नाही, हे मान्य. २०१३ मध्ये आलेल्या क्रोमकास्ट या अशाच उपकरणाचं उत्पादन गूगलने २०२४ मध्ये थांबवलं, पण त्याच्या जागी गूगल टीव्ही स्ट्रीमर हे वेगळं उपकरणच आणलं. म्हणून टीव्ही घेताना पैसे चांगल्या पॅनलवर घाला आणि एचडीएमआय पोर्ट पुरेसे आहेत ना, ते बघा.