नोकरीमुळे दोन-तीन वर्षांसाठी सहकुटुंब दुबईला जातोय, मग परत पुण्यात. मुलांसाठी शाळा कशी निवडावी?

परत यायचं नक्की असेल तर सरळ सीबीएसई शाळा बघा. तिथेही त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे परतताना घोळ होत नाही. ब्रिटिश शाळा सप्टेंबरच्या आसपास सुरू होतात, शिवाय फी बहुधा कितीतरी जास्त.

केएचडीए ही तिथली सरकारी संस्था. तिच्या वेबसाइटवर खासगी शाळांचे तपासणी अहवाल आणि फी दोन्ही मिळतं. 'गुड' की 'व्हेरी गुड' एवढंच बघून थांबू नका. आत गणित, विज्ञान, इंग्रजीबद्दल वेगवेगळं लिहिलेलं असतं, ते वाचा. अहवाल कुठल्या वर्षाचा आहे हेही बघा.

घर मात्र शाळा ठरल्यावरच घ्या. भाडं कमी म्हणून शारजात राहिलात आणि शाळा दुबईत असली, तर पोरगं रोज सकाळी ट्रॅफिकमध्ये पेंगत बसणार. (बसचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे, बरं का.)

नववीपर्यंत अरबी सक्तीचं आहे. लहान मुलं पटकन उचलतात, मोठ्यांना शिकवणी लागू शकते.

मूल आत्ता नववीत असेल तर दोनदा विचार करा. सीबीएसईची दहावीसाठीची नोंदणी नववीतच होते, थेट दहावीत प्रवेश मिळवणं कटकटीचं असतं.