वाचकांचे प्रश्न : तिमाहीचा आकडा आणि बागेचा हंगाम

प्रश्न : माझी मुलगी फिलिपिन्समधील दावाव येथे वैद्यकीय शिक्षण घेते. तिने तेथील प्रांताच्या फळ उत्पादनाचा तिमाही तक्ता मला पाठवला. मी शेजारशेजारचे रकाने ताडून पाहिले, तर दुसऱ्या तिमाहीत भरघोस असलेला आंबा तिसऱ्या तिमाहीत एकदम उतरलेला दिसतो आणि ड्युरियन तेवढ्याच झपाट्याने वर गेलेला दिसतो. केळी मात्र जागची हलत नाही. तीन महिन्यांत एवढी उलथापालथ कशी होते? (एक वाचिका, ऐरोली)

उत्तर : ही उलथापालथ मुख्यतः काढणीच्या वेळापत्रकाची आहे. फिलिपिन्सच्या सांख्यिकी प्राधिकरणातर्फे भात आणि मका यांची पाहणी स्वतंत्रपणे होते आणि फळे, भाज्या, कंदमुळे वगैरे पिकांसाठी दर तिमाहीस वेगळे सर्वेक्षण घेतले जाते. त्यांची पहिली तिमाही जानेवारीत सुरू होते. झाडाला मोहोर केव्हा आला किंवा रोप केव्हा लावले याला या हिशेबात स्थान नाही. माल ज्या तिमाहीत उतरवला, त्याच तिमाहीच्या खात्यावर तो पडतो. तिकडे आंब्याचा मुख्य बहर कोरड्या ऋतूच्या अखेरीस, म्हणजे दुसऱ्या तिमाहीत हाती येतो, तर मिंदानाओ बेटावरील ड्युरियन, रांबुतान आणि लान्झोनेस ही फळे साधारण ऑगस्टपासून पुढे पिकतात. दावावचा कदायावान हा सुगीचा उत्सव ऑगस्टमध्ये भरतो, तो याच सुमारास. त्यामुळे शेजारचे दोन रकाने ताडून आपण बागेची तब्येत न पाहता केवळ ऋतुबदल मोजला. तक्ता आडवा न वाचता उभा वाचावा, म्हणजे यंदाची तिसरी तिमाही गेल्या वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीसमोर ठेवावी.

तसे केले तरी एक खाचखळगा उरतोच, आणि तो आपल्या हापूसवरून चटकन ध्यानात येईल. समजा, कोकणातील आंब्याचा हिशेब आपण जानेवारी-मार्च आणि एप्रिल-जून असा मांडला. एखाद्या वर्षी थंडी वेळेवर पडून मोहोर लवकर आला, तर मार्चमध्येच बऱ्यापैकी पेट्या निघतात. पुढच्या वर्षी मोहोर तीन आठवडे लांबला, तर तोच माल एप्रिलमध्ये उतरेल. मग पहिल्या तिमाहीत ‘मोठी घट’ आणि दुसऱ्या तिमाहीत ‘विक्रमी वाढ’ अशा दोन बातम्या छापून येतील, आणि बागायतदाराच्या पदरी मात्र दोन्ही वर्षी सारखेच फळ पडलेले असेल. म्हणून ज्या पिकाची काढणी तिमाहीच्या सीमेवर येते, त्याच्या दोन्ही तिमाह्यांची बेरीज करूनच काय ते मत बनवावे.

आता केळीविषयी. केळीला ठरावीक बहर नाही. लागवड ज्या महिन्यात, त्यावर घडाचा महिना अवलंबून. जळगावकडे जूनच्या सुमारास लावलेली मृगबाग आणि पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग यांची कापणी वेगवेगळ्या वेळी येते, ती याच कारणाने. मिंदानाओतील निर्यातीच्या बागांत तर लागवडी टप्प्याटप्प्याने अशा आखलेल्या असतात की, घडांची कापणी वर्षभर थांबत नाही. अननसाचीही तीच कथा. बुकिदनोन प्रांतातील मोठ्या मळ्यांत इथिलीन वायूसारखा परिणाम करणारी द्रव्ये फवारून कोणत्या तुकडीला केव्हा फुलवायचे ते माणूस ठरवतो. अशा पिकाचा आकडा अचानक घसरला, तर मात्र वादळ, रोग किंवा दुष्काळ यांपैकी काहीतरी घडले असावे अशी शंका घेण्यास जागा आहे.

आंबाही तेथे पूर्णपणे ऋतूच्या मर्जीवर राहिलेला नाही. रॅमॉन बार्बा या फिलिपिनी शास्त्रज्ञाने 1970च्या दशकात पोटॅशियम नायट्रेटची फवारणी करून आंब्याला अवेळी मोहोर आणण्याची रीत शोधून काढली, आणि त्यामुळे तेथे मुख्य हंगामाबाहेरही आंबा येऊ लागला. कोकणात पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बागायतदारांच्या तोंडचे ‘कल्टार’, देतात, त्याचा रोख थोडा निराळा आहे: वाढ रोखून मोहोर नियमित आणि काहीसा लवकर यावा. तेव्हा आपल्या तक्त्यात चौथ्या तिमाहीतही थोडा आंबा दिसला, तर ती छपाईतील चूक समजू नये.

प्रश्न : ठाणे जिल्ह्याच्या भाजीपाल्याचा असा तिमाही तक्ता का निघत नाही? आपल्याकडे आकडेच नाहीत काय? (सेवानिवृत्त बँक कर्मचारी, पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर : आकडे आहेत, पण ते निराळ्या साच्यात भरलेले आहेत. आपले कृषी वर्ष जुलै ते जून असे चालते आणि त्याची विभागणी खरीप, रब्बी व उन्हाळी या हंगामांत होते. फळे-भाज्यांचे देशपातळीवरील अंदाज केंद्रीय कृषी मंत्रालय वर्षासाठी टप्प्याटप्प्याने जाहीर करते. आधी आगाऊ अंदाज येतात आणि मागाहून अंतिम आकडा. देशाचे एकूण फलोत्पादन अलीकडच्या वर्षांत 35 कोटी टनांच्या पलीकडे गेले आहे आणि 2012-13पासून ते अन्नधान्याच्या उत्पादनाहून अधिक आहे, हे याच अंदाजांतून आपल्याला कळते. राज्यात 15 ऑगस्ट 2021पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच मोबाईलवरून आपले पीक सातबाऱ्यावर नोंदवू लागला.

हंगामी हिशेब आपल्या मातीला जवळचा आहे, असे माझे मत आहे. पावसावर जगणाऱ्या मुरबाड-शहापूरच्या शेतीला जानेवारी-मार्चच्या चौकटीपेक्षा ‘रब्बी’ची चौकट अधिक शोभते. परंतु पालेभाजीच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो, हेही मान्य करावे लागेल. मेथी महिन्याभरात उपटून होते आणि त्याच वाफ्यात लगेच दुसरे बी पडते. एका हंगामात तेथे दोन-तीन पिके निघतात आणि पीक पाहणीत त्या तुकड्याची नोंद बहुधा एकदाच होते. शिवाय मध्य रेल्वेच्या रुळांलगत जो माठ आणि पालक आपण गाडीतून पाहत आलो, तो पिकवणाऱ्याच्या नावे तेथे सातबारा नसे. त्यामुळे ताटात नित्य येणारी ही भाजी हिशेबात नेमकी कोठे धरायची, हा प्रश्न उरतोच.

प्रश्न : तुर्भ्याच्या घाऊक बाजारात आमचा भाजीचा गाळा आहे. रोज किती गाड्या आल्या त्याची नोंद बाजार समितीत होतेच. मग उत्पादनासाठी वेगळे सर्वेक्षण करण्याचे कारण काय? (एक व्यापारी, वाशी)

उत्तर : आपल्या बाजारात नोंदली जाते ती आवक. आवक म्हणजे उत्पादन नव्हे, आणि हा फरक कांद्याइतका दुसऱ्या कोणत्याही मालात ठळक दिसत नाही. महाराष्ट्रात खरिपाचा कांदा साधारण ऑक्टोबरपासून, रांगडा जानेवारीपासून आणि उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून निघतो. उन्हाळ कांदा टिकाऊ असल्याने शेतकरी तो चाळीत भरतो आणि भाव पाहून ऑक्टोबरपर्यंत थोडा थोडा बाहेर काढतो. सप्टेंबरमध्ये आपल्याकडे उतरलेली गोणी ही एप्रिल-मेच्या काढणीची असते. चाळीत सडलेला आणि वजनात घटलेला कांदा तर कोणत्याच आवकेत दिसत नाही.

दुसरी गोष्ट गावाची. तुर्भ्याला नाशिक, पुणे, सातारा येथून भाजी येते, तशी परराज्यांतूनही येते. हापूसच्या दिवसांत कर्नाटकचा आंबाही फळबाजारात असतो. तेव्हा आवकेवरून एखाद्या जिल्ह्याचे पीक काढता येत नाही. उलट बाजूने, 2016 साली राज्याने फळे आणि भाजीपाला नियमनातून वगळल्यापासून आवाराबाहेर परस्पर विकला जाणारा माल आपल्या वहीत येतही नाही. मापांचा घोळ तर आपण रोजच पाहता: कोथिंबीर शेकडा जुड्यांनी, आंबा पेटी आणि डझनाने, टोमॅटो कॅरेटने. पावसाळ्यात भिजलेली जुडी आणि उन्हाळ्यातली बारकी जुडी यांच्या वजनात केवढे अंतर असते, हे गाळेधारकाला सांगण्याची गरज नाही. टनांत मांडताना मात्र दोन्ही एकाच मापाने मोजल्या जातात.

आवकेची वही तरीही मोलाची आहे, कारण ती रोजच्या रोज भरली जाते आणि सर्वेक्षणाचा आकडा तिमाही उलटून गेल्यावर हाती येतो. भावाचा अंदाज बांधायचा असेल, तर मी स्वतः आधी वही पाहीन. पीकविमा, नुकसानभरपाई किंवा शीतगृह कोठे बांधावे हे ठरवायचे असेल, तर मात्र शेतातील काढणीचा आकडाच हवा.

प्रश्न : फिलिपिन्सच्या तक्त्यात भाज्या आणि कंदमुळे एकत्र असतात. त्यांची आपल्या आकड्यांशी सरळ तुलना करता येईल का? (कृषी पदविकेचा विद्यार्थी, कोपरखैरणे)

उत्तर : बेरजेची तुलना करू नये, एकेका पिकाची करावी. बटाटा, रताळे आणि कसावा आपल्या फलोत्पादनाच्या आकडेवारीतही भाज्यांतच धरले जातात, तेथपर्यंत ठीक आहे. पण आले आणि लसूण आपण मसाल्यांत टाकतो आणि तेथे ते भाज्यांच्या गटात येतात. मूग आपल्याकडे कडधान्य, तर तेथे भाजी-कंदांच्या तक्त्यात त्याची ओळ असते.

कसाव्याविषयी एक सूचना. ज्याच्या स्टार्चपासून तामिळनाडूत सेलमच्या परिसरात आपला उपवासाचा साबुदाणा तयार होतो, तेच हे कंद. ते आठ-दहा महिन्यांत तयार होते, पण तयार झाल्यावर लगेच काढलेच पाहिजे असे नसते. भाव पडलेला असला, तर शेतकरी काही काळ ते जमिनीतच राहू देतो. म्हणून एखाद्या तिमाहीत कसाव्याचे उत्पादन घटलेले दिसले, तर आधी काढणी झालेल्या क्षेत्राचा रकाना पाहावा. क्षेत्र घटले असून हेक्टरी उतारा कायम असेल, तर पीक बहुधा अजून मातीतच आहे आणि पुढच्या तिमाहीत ते दिसेल. उतारा घसरला असेल, तर रोग किंवा पाण्याची टंचाई यांचा शोध घ्यावा.