जत्रेतल्या दगदगीनं नव्हे, सोडलेल्या गोळीनं

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, निपाणीला असतात. किडनी थोडी कमजोर आहे. बीपीसाठी अम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल आणि क्लोनिडीन (१०० मायक्रोग्रॅम, दिवसातून ३ वेळा) चालू आहे. क्लोनिडीननं तोंड कोरडं पडतं, दिवसभर पेंगतात. मायाक्काच्या जत्रेला चिंचलीला जाताना ‘ही झोपेची गोळी नको’ म्हणून तेवढीच मुद्दाम घरी ठेवली. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, घामानं सदरा भिजला, बीपी २१०/११०. घरचे म्हणतात, जत्रेची दगदग. ही गोळी कायमची बंद करू का?

उत्तर : ताई, दगदगीला उगीच बोल लावू नका. जी गोळी एकदम सोडायची नसते, नेमकी तीच बाबांनी घरी ठेवली.

बीपीच्या बहुतेक गोळ्या रक्तवाहिन्यांवर, हृदयावर नाहीतर किडनीवर काम करतात. क्लोनिडीन मेंदूच्या बुडाशी बसून तिथून निघणारे ‘नसा आवळा’ हे हुकूम कमी करते. पेंग येते तीही मेंदूवरच्या कामामुळे. हे औषध मुळात सर्दीसाठी नाकात घालायचं म्हणून १९६०च्या दशकात जर्मनीत तयार झालं होतं. ते घेतलेली बाई गाढ झोपली आणि तिचं बीपी उतरलं, तेव्हा त्याचा खरा गुण कळला.

गोळी एकदम बंद केली की दाबून धरलेले हुकूम एकदम सुटतात. साधारण १ ते ३ दिवसांत बीपी पहिल्यापेक्षाही वर उसळतं. त्यात मेटोप्रोलॉल चालूच राहिलं तर धोका वाढतो. म्हणून दोन्ही थांबवायची वेळ आली, तर आधी मेटोप्रोलॉल हळूहळू कमी करतात, मग क्लोनिडीन. हा हिशेब घरी मांडायचा नाही.

निपाणीकरांची एक खोड मला ठाऊक आहे : मोठा डॉक्टर कोल्हापूरला, रोजचा गावात, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही. तिन्ही गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन दोघांकडेही जा. पेंगेचं स्पष्ट सांगा. रात्रीचा डोस मोठा आणि दिवसाचा लहान करता येतो का, किंवा दुसरं औषध चालेल का, ते विचारा. तोंडाला कोरड पडली की घोटघोट पाणी, चिमूटभर बडीशेप. किडनीमुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर नुसती चूळ भरा.

पुन्हा बीपी १८०/१२०च्या घरात गेलं आणि छातीत दुखलं, धाप लागली, बोबडी वळली किंवा डोळ्यांपुढे धूसर झालं, तर १०८ला फोन करा. आणि पुढच्या जत्रेला गोळ्या तुमच्या पिशवीत ठेवा, बाबांच्या नको.