ठोसा, बुक्की आणि पंचांचा पंच

प्रश्न ठाण्यातल्याच एका ताईंचा. नौपाड्यात लेकीच्या बॉक्सिंग क्लासची छोटी स्पर्धा आहे, फलक मराठीत करायचाय. 'मुष्टियुद्ध' लिहू की 'मुष्टीयुद्ध'? आणि 'पंच मारला' याला मराठीत काय म्हणायचं?

पहिलं झटपट: मुष्टियुद्ध. एकटी असताना 'मुष्टी' दीर्घ, समासात पुढे आली की ऱ्हस्व. बुद्धी आणि बुद्धिबळ, तसंच. फ्लेक्सवाला हमखास दीर्घ करणार, छापण्याआधी एकदा बघा.

'पंच' मात्र टाळाच. मराठीत पंच म्हणजे निवाडा देणारा. 'पंचांनी पंच मोजलाच नाही' असं वाक्य झालं तर काय घ्यायचं? त्यापेक्षा 'ठोसा' घ्या. वर्तमानपत्रं तोच वापरतात. बाकीचे शब्द भांडणातले. बुक्की, गुद्दा, बुकलणं, गुद्दागुद्दी, आणि आजी लाडाने द्यायची ते 'मुष्टिमोदक'. धपाटा तर पाठीतच बसतो, आणि पाठीवर मारणं या खेळात फाउल आहे. गुण मिळतो तो मिटलेल्या मुठीच्या पेरांकडचा भाग समोरून किंवा बाजूने डोक्यावर, नाहीतर कमरेच्या वर धडावर नीट बसला तर. म्हणजे थपडेलाही गुण नाही. 'ठोसा'त मिटलेली मूठ आणि नेम दोन्ही येतात, म्हणून तो मला चपखल वाटतो.

जाता जाता, बॉक्सिंगचा पेटीशी काही संबंध नाही. इंग्रजीत ठोशालाही 'बॉक्स' म्हणतात, तो शब्दच वेगळा. आणि 'युद्ध' हे नाव फारच जहाल, असं म्हणू नका. प्राचीन ऑलिम्पिकमध्ये हा खेळ इसवी सन पूर्व 688 मध्ये आला, तेव्हा हाताला फक्त चामड्याच्या वाद्या गुंडाळत. इंग्लंडातही उघड्या मुठींच्या लढती चालत. मोजे घालून खेळायच्या बॉक्सिंगचे 'क्वीन्सबेरी नियम' आले 1867 मध्ये. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, पडलेल्याला उठायला दहा सेकंद आणि हातात मोजे, हे सगळं तिथून रूढ झालं.

ताईंनी शेवटी विचारलंय, 'रिंग' चौकोनी असताना तिला 'रिंगण' म्हणावं का? बेलाशक म्हणा. आधी लोकच कडं करून उभे राहत, त्यावरून रिंग. उघड्या मुठींच्या लढतींसाठी 1838 मध्ये जे नियम झाले, त्यांनी ती दोरांची, 24 फूट बाजूची चौरस झाली, नाव तेच राहिलं. आणि आपल्या वारीत गोल रिंगणाबरोबर उभं रिंगणही असतंच की! तेही कुठे गोल असतं?

परवा त्या क्लासवरून जात होतो. सर ठोशांची इंग्रजी नावं ओरडत होते, "जॅब, जॅब, क्रॉस!" एका पोरीचे हात खाली आले तशी गाडी मराठीवर आली: "अगं, हनुवटी झाक, हनुवटी!"